चाचपलेल्या अणूंचे फोटो

‘सूक्ष्मदर्शक’ हा शब्द ज्याने कुणी घडवला, त्याच्या डोळ्यांसमोर भिंग होतं. भिंगातून उजेड येतो, डोळ्यात शिरतो, बारीक गोष्ट मोठी दिसते. शाळेत कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी आपण अशाच पाहिल्या. एसटीएम आणि एएफएम ही यंत्रं यातलं काहीही करत नाहीत. तिथे एक सुई असते आणि ती अंधारात चाचपडत असते. मराठीत नाव द्यायचंच असेल तर ‘सूक्ष्मचाचपक’ द्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण निदान खोटं नाही.

शब्दांचा कीस पाडण्याची मला हौस नाही. माझं भांडण आहे ते या नावामागून आलेल्या सवयीशी. यंत्राने काढलेला आलेख आपण फोटो म्हणून छापतो, फोटो म्हणून शिकवतो, फोटो म्हणून त्याला मार्क देतो. आणि फोटोला कुणी प्रश्न विचारत नाही, तसं यालाही विचारत नाही. केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन काढलं, कॉलेजांच्या माहितीपत्रकांत ‘नॅनो’ शिरला, यंत्रं आली, त्यांच्यासाठी एसी खोल्या बांधल्या गेल्या. यंत्र जे लिहितं ते वाचायला शिकवणं तेवढं राहून गेलं.

मी नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडलगतच्या एमआयडीसीत एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. काचेवरचे, धातूवरचे पातळ थर तपासणं हे माझं रोजचं काम. बाहेरून आलेले एएफएमचे रिपोर्ट आठवड्याला चार-पाच तरी माझ्या टेबलावर पडतात. काही छोट्या कारखान्यांचे, काही एमएस्सीच्या मुलामुलींचे. सोनेरी-तपकिरी चौकोन, बाजूला उंचीची पट्टी, खाली ‘सरासरी खडबडीतपणा इतके नॅनोमीटर’. झालं. यापलीकडे त्यात काही नसतं, आणि मी काही विचारलं की समोरचा माणूस असा बघतो, जणू मी त्याच्या पासपोर्ट फोटोवर शंका घेतली.

आधी हे चाचपणं होतं कसं ते बघू. एसटीएम १९८१ मध्ये आयबीएमच्या झुरिचच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी बांधलं. १९८६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. वीज वाहणाऱ्या पृष्ठभागापासून नॅनोमीटरभर किंवा त्याहून कमी अंतरावर धातूची सुई आणायची आणि दोन्हींमध्ये थोडा व्होल्टेज द्यायचा. मध्ये फट असूनही बारीकसा करंट वाहतो. तो अंतराला कमालीचा हळवा असतो: फट ०.१ नॅनोमीटरने वाढली की करंट साधारण दहापट कमी होतो. मग सुई पृष्ठभागावरून रेघेरेघेने फिरवायची आणि करंट बदलू द्यायचा नाही. वाढला तर सुई वर घ्यायची, घटला तर खाली. हे काम फीडबॅक नावाचं सर्किट करतं. सुई किती वर-खाली करावी लागली, याची नोंद म्हणजे तुमचं ‘चित्र’.

ही सुई कशी बनते हे कळलं की पुष्कळांचा भक्तिभाव उतरतो. प्लॅटिनम-इरिडियमची तार घ्यायची आणि कात्रीने तिरकी ओढून कापायची. टोकावर एखादा अणू पुढे आलेला असेल अशी आशा ठेवायची. बहुतेक वेळा असतो. कधी दोन असतात, आणि मग चित्रात प्रत्येक गोष्ट दोनदा उमटते.

वीज न वाहणाऱ्या वस्तूंसाठी बिनिग, केल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी १९८६ मध्ये एएफएम आणलं. त्यात सुई एका बारीक, लवचिक पट्टीच्या टोकाला असते. पट्टी वाकली की तिच्या पाठीवरून परतणारा लेझरचा ठिपका सरकतो. बाकी खेळ तोच.

या फीडबॅकला मी एसटीचा ड्रायव्हर म्हणते. समजा एसटी पनवेल सोडून बोरघाटात शिरली. ड्रायव्हरला हुकूम आहे की वेग अजिबात बदलू द्यायचा नाही. तुम्हाला खिडकीबाहेर बघायला मनाई. तुम्ही फक्त त्याचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय बघायचा आणि त्यावरून घाटाचा चढ-उतार कागदावर काढायचा. ड्रायव्हर चांगला असेल तर घाट बऱ्यापैकी उतरेल. पेंगत असेल तर खड्डे, उंचवटे कागदावर येणारच नाहीत, रस्ता लोण्यासारखा गुळगुळीत दिसेल. आणि उतावळा असेल, जरा चढ लागला की पाय दाबतोय, मग घाबरून सोडतोय, परत दाबतोय, तर सपाट रस्त्यावरही तुमच्या कागदावर लाटाच लाटा. त्या लाटा घाटात नाहीत, ड्रायव्हरच्या पायात आहेत. आता हाच कागद सोनेरी रंगात छापून ‘बोरघाटाचा फोटो’ म्हणून द्या.

हे काल्पनिक नाही. इथे जवळच एक गृहस्थ काचेवर पातळ थर चढवून देण्याचा लहानसा कारखाना चालवतात. गिऱ्हाइकाने त्यांचा अख्खा लॉट परत केला, कारण बाहेर करवलेल्या एएफएम रिपोर्टात खडबडीतपणा ठरल्याच्या कितीतरी वर. ते रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. “मॅडम, इतकी वर्षं हाच थर देतोय, एकाएकी खडबडीत कसा झाला?” चित्रात प्रत्येक उंचवट्याच्या उजव्या बाजूला बारीक लाटा होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, पण फक्त उजवीकडे. सुई डावीकडून उजवीकडे जात होती. उतावळा ड्रायव्हर! खात्री करायला एकच गोष्ट हवी होती: सुई परत येतानाचा स्कॅन. यंत्र तो आपोआप नोंदवतं. येताना लाटा डावीकडे सरकल्या तर त्या थराच्या नाहीत. आम्ही स्कॅन करणाऱ्यांना फोन लावला. उत्तर आलं, आम्ही फक्त जेपीजी देतो, मूळ फाइल ठेवत नाही. आम्ही त्याच लॉटचा तुकडा मंद वेगाने, फीडबॅक बेताचा ठेवून पुन्हा स्कॅन केला. लाटा गायब. खडबडीतपणा ठरल्याच्या आत. तोवर गिऱ्हाइकाने दुसरा पुरवठादार धरला होता.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. मोठमोठ्या ठिकाणी झालंय. १९८०च्या दशकाच्या अखेरीला ग्रॅफाइटवर ठेवलेल्या डीएनएची एसटीएम चित्रं गाजू लागली. पीळ दिसत होता, पिळाचं अंतरही जुळत होतं. १९९१ मध्ये कॅरोल क्लेमर आणि थॉमस बीबी यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की डीएनएचा थेंबही नसलेल्या कोऱ्या ग्रॅफाइटच्या कडा आणि पायऱ्या हुबेहूब तसाच पीळ दाखवतात.

२००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये फ्रान्चेस्को स्टेलाची यांच्या गटाचा निबंध आला: सोन्याच्या नॅनोकणांवर दोन प्रकारच्या रेणूंचं आवरण दिलं की ते पट्ट्यापट्ट्यांत बसतात. पुरावा म्हणून एसटीएमची चित्रं. पुढे कितीतरी निबंध या पट्ट्यांवर उभे राहिले. राफाएल लेव्ही यांची टीका छापून यायला २०१२ उजाडलं. २०१४ मध्ये नॉटिंगहॅमच्या फिलिप मोरियार्टी यांच्यासह काहींनी मूळ आकडे तपासून म्हटलं की यातले पुष्कळसे पट्टे फीडबॅकचे आणि गोंगाटाचे आहेत. मूळ गटाला हे मान्य नाही. त्यांनी नवे पुरावे दिले, वाद झाला. कोण किती बरोबर हा निवाडा मी इथे करत नाही. मला खुपतं ते दुसरंच: दहा वर्षांचा हा वाद ज्यावर फिरला ते तंत्र एमएस्सीच्या मुलीला अर्ध्या तासात शिकवता येतं.

ते असं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे. यंत्राचं अर्थिंग बरोबर नसेल तर हा हेलकावा चित्रात घुसतो. समजा सुई सेकंदाला ५ रेघा काढते. एक रेघ म्हणजे जाणं आणि येणं. तेव्हा नुसत्या जाण्याला लागला सेकंदाचा दहावा भाग, आणि तेवढ्यात विजेचे ५ हेलकावे झाले. १० नॅनोमीटरच्या चित्रात ५ पट्टे, म्हणजे दर २ नॅनोमीटरला एक. बघणाऱ्याला वाटणार, वा, रेणूंच्या रांगा! आता चित्र २० नॅनोमीटरचं करा, वेग तोच ठेवा. पट्टे पुन्हा ५च, पण आता दर ४ नॅनोमीटरला एक. खऱ्या रेणूंच्या रांगा तुम्ही चौकट मोठी केली म्हणून एकमेकींपासून लांब जात नाहीत. जी गोष्ट चौकटीबरोबर ताणली जाते ती नमुन्याची नव्हे. एवढंच. यासाठी ना परदेशी पदवी लागते, ना जास्तीचं एकही उपकरण.

सुईच्या आकाराचंही तसंच. एएफएमच्या सुईचं टोक साधारण १० नॅनोमीटर त्रिज्येचं असतं. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. त्यावरून असली बोथट सुई गेली की चित्रात डीएनए बारा-तेरा नॅनोमीटर रुंद दिसतो. म्हणजे सुईने डीएनएला चाचपलं आणि डीएनएने सुईला, आणि चित्रात दोघांची भेसळ उतरली. सुईचा टवका उडाला असेल तर सगळे कण एकाच आकाराचे, एकाच दिशेला तोंड करून बसलेले त्रिकोण दिसतात. एका मुलीच्या प्रबंधात मी ‘त्रिकोणी स्फटिकांची सुबक वाढ’ असं वाक्य वाचलं. तीन वेगवेगळ्या नमुन्यांवर तेच त्रिकोण, त्याच दिशेला! नमुना काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन केला असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता: खरे त्रिकोण नमुन्याबरोबर फिरतात, सुईचे जागच्या जागी राहतात. पण ती यंत्रासमोर नव्हतीच. तिने नमुना झिपच्या पिशवीत घालून कुरियर केला होता. पैसे भरले, आठ दिवसांनी मेलमध्ये तीन चित्रं आली, तिने ती चिकटवली. परीक्षकांनी विचारलं, “पान क्रमांक का नाहीत?”

तिचा यात काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि रंग! आयबीएमची ती अक्षरं तुम्ही पाहिली असतील. डॉन आयग्लर आणि एर्हार्ड श्वाइट्झर यांनी १९८९ मध्ये निकेलवर झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून कंपनीचं नाव लिहिलं. अफाट काम होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ‘अणूचा खरा फोटो’ म्हणून जे निळं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्यातला निळा रंग झेनॉनचा नाही, एकट्या अणूंना असा रंगच नसतो. तो उंचीच्या आकड्यांना दिलेला रंग आहे. सावल्याही कॉम्प्युटरने पाडलेल्या. उंचीचं तर विचारूच नका. १ मायक्रॉन रुंद तुकड्यावर ५ नॅनोमीटरचा उंचवटा म्हणजे एक किलोमीटर रस्त्यावर पाच मीटरचा चढ. पाम बीच रोडवरून गाडीने जाताना तो तुम्हाला जाणवणारही नाही. सॉफ्टवेअर मात्र तो चौकटभर ताणून कळसूबाई करून दाखवतं, आणि प्रबंधात वाक्य येतं: ‘पृष्ठभाग अत्यंत ओबडधोबड आहे.’

इथे हुशार वाचक म्हणतील, आमच्या फोनचे फोटो तरी कुठे खरे असतात? बरोबर आहे. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्राचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात नसलेली विवरं काढून दिली. तेव्हा बोभाटा झाला. पण तो होऊ शकला, कारण चंद्र कसा दिसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ब्यूटी मोडने आत्याचा चेहरा गुळगुळीत केला की आपण हसतो, कारण आत्या समोर बसलेली असते. सोन्याच्या नॅनोकणाची पाठ कुणी पाहिलेली नाही. तिथे ताडून बघायला दुसरा चेहराच नाही. म्हणूनच ‘सगळीच चित्रं बनवलेली असतात’ हे वाक्य इथे पळवाट म्हणून चालणार नाही.

तरीही काहीजण म्हणतात, जाऊ द्या हो, दिसतंय ना ते बरोबर? मग त्यांना मी ग्रॅफाइट दाखवते. एसटीएम शिकणाऱ्या प्रत्येकाचा हा पहिला धडा. ग्रॅफाइटच्या तुकड्यावर सेलोटेप लावून ओढायची, वरचा थर निघतो, खाली ताजा पृष्ठभाग मिळतो. व्हॅक्यूम लागत नाही, साध्या हवेत अणू मिळतात. पुस्तकात कार्बनच्या षटकोनांची जाळी असते, अणूअणूंमध्ये ०.१४२ नॅनोमीटर. पडद्यावर मात्र ठिपके दिसतात त्रिकोणी मांडणीत, ०.२४६ नॅनोमीटर अंतरावर. निम्मे अणू बेपत्ता! सुई उत्तम, फीडबॅक उत्तम, वीजही शुद्ध, तरी निम्मे अणू दिसत नाहीत. कारण ग्रॅफाइटमध्ये एक थर दुसऱ्यावर सरकून बसलेला असतो. वरच्या निम्म्या अणूंच्या बरोब्बर खाली अणू येतो, उरलेल्यांच्या खाली येत नाही. त्यामुळे एकाच उंचीवरच्या या दोन जातींचे इलेक्ट्रॉन वेगळे वागतात, आणि सुईला एकच जात ठळक लागते. एसटीएम उंची चाचपत नाही, इलेक्ट्रॉन चाचपतं. म्हणजे यंत्र सरळ चाललं तरी चित्र वाचावंच लागतं.

एएफएमही यातून सुटलेलं नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये एका चिनी गटाने दोन रेणूंमधल्या हायड्रोजन बंधाच्या रेघा दाखवल्या, जगभर बातमी झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की ज्या दोन नायट्रोजन अणूंमध्ये बंध असूच शकत नाही, त्यांच्यामध्येही तशीच रेघ उमटते. सुईच्या टोकाला चिकटवलेला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू वाकतो आणि त्याच्या वाकण्याची रेघ चित्रात येते.

नीट वाचन कसं असतं त्यासाठी लांब जायला नको. वाशीचा पूल ओलांडून, लोकलने सीएसएमटी गाठून पुढे कुलाब्याला टीआयएफआर आहे. तिथे प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने निरपेक्ष शून्याच्या फक्त एक तृतीयांश अंश वर आणि ९ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात चालणारं एसटीएम बांधलं आणि त्याची रचना २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून ते सुपरकंडक्टरमध्ये शिरलेल्या चुंबकीय भोवऱ्यांची मांडणी बघतात. ती चित्रं मोबाइलच्या वॉलपेपरला शोभायची नाहीत, नुसते डागच डाग. आणि चित्रात उंची नसतेच: ठराविक व्होल्टेजला कुठे करंट सहज जातो, कुठे अडतो, एवढंच. मग ते काय करतात? प्रत्येक भोवऱ्याचे शेजारी मोजतात. सहा असतील तर मांडणी शिस्तीत. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की कुठे पाच, कुठे सात शेजारी दिसू लागतात, आणि ते मोजून शिस्त कशी टप्प्याटप्प्याने मोडते ते सांगता येतं. चित्र ‘दिसतं’ म्हणून कुणी काही म्हणत नाही.

“ते टीआयएफआर आहे हो, आमच्याकडे एवढी महाग यंत्रं कुठून आणणार?” हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकलाय की आता चीड येते. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांच्या गटाने स्वतः बांधलेल्या एसटीएमवर काम केलं. हौशी लोकांनी तर पिझो बझरची चकती कापून सुई हलवणारं एसटीएम घरी बनवून दाखवलंय. तसल्या चकत्या लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतात. बरं, नका बांधू. पण नमुना आणणाऱ्या मुलीला ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची द्यायला किती खर्च येतो? बाहेर रस्त्यावरून कंटेनर गेला की पडद्यावर ओरखडा कसा उठतो, हे तिने एकदा डोळ्यांनी बघितलं तर जन्मभर विसरणार नाही. बिनिग आणि रोरर यांना कंपनांची एवढी धास्ती होती की पहिलं एसटीएम त्यांनी चुंबकांवर तरंगत ठेवलं होतं. आणि चित्र उघडून तपासायला लागणारं ग्विडियन हे सॉफ्टवेअर फुकट आहे. चेक प्रजासत्ताकाच्या मोजमाप संस्थेतल्या लोकांनी बनवलेलं, कुणीही कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं.

मला हवंय ते अगदी किरकोळ आहे. चित्राखाली स्कॅनचा वेग आणि सुईची दिशा छापा. जातानाचं चित्र देता तसं येतानाचंही द्या. कुठलं गाळण, कुठलं सपाटीकरण केलं ते लिहा, कारण रेघारेघांनी सपाट करताना उंच कणाच्या दोन्ही बाजूंना खोटे काळे पट्टे पडतात आणि मुलं त्यांना ‘खंदक’ म्हणतात. खडबडीतपणाचा आकडा देताना तो किती मोठ्या तुकड्याचा ते सांगा, १ मायक्रॉनचा आणि १० मायक्रॉनचा आकडा एक नसतो. परीक्षकांनी व्हायवामध्ये पान क्रमांकांच्या आधी एवढं विचारावं: सुई कुठून कुठे जात होती?

आणि मूळ फाइल द्या. ‘फार मोठी असते, मेलने जात नाही’ असं मला गेल्या महिन्यातच एका ठिकाणाहून सांगण्यात आलं. ५१२ गुणिले ५१२ बिंदू, प्रत्येक बिंदूला दोन बाइट. अर्धा एमबी होतो. रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर येणारा सूर्योदयाचा व्हिडिओ याहून मोठा असतो.